नौकेच्या इंजिनाचे गोठण्यापासून रक्षण : काही क्रियापदांच्या निमित्ताने

हिवाळ्यात अधूनमधून पाण्यात जाणाऱ्या नौकेचे इंजिन दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात गोठून फुटू नये म्हणून काय करावे, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्यातून प्रस्तुत लेखक औशाचा. ज्या जिल्ह्यात २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथील मनुष्याने नौकांविषयी लिहावे यातील विनोद त्याच्याही ध्यानात आहे. परंतु विषय आला तो वर्गातून. तांत्रिक भाषांतराचा सराव म्हणून अशा इंजिनाच्या देखभालीसंबंधीच्या काही इंग्रजी सूचना पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या होत्या. उत्तरपत्रिकांत पाणी गोठले, डिझेल गोठले, वंगणही गोठले. मुळात या तीन ठिकाणी तीन निराळी क्रियापदे होती. मराठीत ती नाहीत असे म्हणावे तर औशाच्या कोणत्याही स्वयंपाकघरात पौष महिन्यात तूप थिजते आणि खोबरेल थिजते. पाककृतीत रस आळतो. जखमेवर रक्त साकळते. हीच मुले घरी ही क्रियापदे अचूक वापरतात. तांत्रिक मजकूर समोर आला की त्यांच्या हाती एकच 'गोठणे' उरते.

हा केवळ शैलीचा दोष असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. इंजिनाच्या बाबतीत मात्र या क्रियापदांमागे निरनिराळे भौतिक व्यापार आहेत, आणि त्यांवरील उपायही निरनिराळे आहेत. एका व्यापारात लोखंड तडकते, दुसऱ्यात फक्त इंजिन सुरू होत नाही. सूचनापत्र वाचणाऱ्याला हा भेद कळला नाही तर तो नको तेथे धावपळ करील आणि हवी तेथे स्वस्थ बसेल.

प्रथम हा प्रश्न आपल्या परिसरात उद्भवतो तरी कोठे, ते पाहू. मराठवाड्यात पाणी गोठत नाही. बर्फाशी आपल्या भाषेची ओळखही बरीचशी उसनी आहे : संस्कृत 'हिम' मराठीत 'हीव' होऊन नुसत्या थंडीचा वाचक उरला, हिवाळा आणि हिवताप हे त्याचेच कुटुंब, घनरूप पाण्यासाठी फारसीतला 'बर्फ' घ्यावा लागला. आमच्या शिवारात आकाशातून घन पाणी येते ते गारांच्या रूपाने, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात जशा त्या आल्या तशा येऊ नयेत अशीच प्रार्थना असते. महाराष्ट्रात नौका आणि गोठण या दोन गोष्टी एकत्र दिसतात त्या महाबळेश्वरास, वेण्णा तलावावर. कडाक्याच्या थंडीत तेथील नौकाधक्क्याच्या फळ्यांवर आणि मोटारींच्या टपांवर दव गोठून हिमकण जमतात व त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. तेथील नौका वल्ह्यांच्या आणि पायडलच्या, तेव्हा इंजिनाची चिंता नाही. तरीही या दृश्यातून एक महत्त्वाची गोष्ट शिकावयास मिळते. हिमकण पडले त्या पहाटे हवेचे तापमान बहुधा शून्याच्या वरच नोंदलेले असते. मग दव गोठते कसे? निरभ्र, शांत रात्री उघड्या आकाशाखालचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे फेकीत राहतो आणि भोवतालच्या हवेहून काही अंश अधिक थंड होतो. धक्क्याची फळी गोठणबिंदूच्या खाली जाते, तापमापक वर राहतो. म्हणून 'आज किमान तापमान दोन अंश, तेव्हा भय नाही' हा हिशेब उघड्यावर ठेवलेल्या यंत्राला लागू पडत नाही. वर ताडपत्री असेल तर बराचसा फरक पडतो. निफाडकडचे द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी देतात. तेही याच व्यापाराशी लढत असतात.

खऱ्या अर्थाने गोठणाऱ्या पाण्यावर मराठी प्रदेशाशी नाते असलेल्या नौका चालतात त्या लडाखमध्ये, पँगाँग सरोवरात. हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२५० मीटर उंचीवर असून त्याची लांबी सुमारे १३४ किलोमीटर आहे. त्याचा पश्चिमेकडील भाग भारताकडे आहे. पाणी मचूळ असूनही हिवाळ्यात ते संपूर्ण गोठते. मोठ्या जलाशयांवर, त्यांत अतिउंचावरील जलाशयही आले, गस्त घालण्यासाठी बारा वेगवान नौका बांधून घेण्याचा करार भारतीय भूसेनेने जानेवारी २०२१ मध्ये गोवा शिपयार्डशी केला. सैनिक वाहून नेणाऱ्या ज्या नौका १६ ऑगस्ट २०२२ रोजी पँगाँगसाठी भूसेनेच्या स्वाधीन करण्यात आल्या, त्याही गोव्यातीलच अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने बांधलेल्या. ज्या किनाऱ्यावर माघातही घाम येतो तेथे बांधलेली नौका चौदा हजार फुटांवरच्या बर्फाच्या शेजारी नांदते! याच सरोवराच्या काठी २६ डिसेंबर २०२४ रोजी शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण मराठा लाइट इन्फंट्रीच्या कर्नलांच्या हस्ते झाले. सारांश, या काठावर मराठी ऐकू येते. तेथील सैनिकी कार्यपद्धतीविषयी येथे काही सांगावयाचे नाही. पुढील विवेचन कोणत्याही थंड प्रदेशातील कोणत्याही नौकेच्या इंजिनाला लागू पडेल असे सर्वसाधारण आहे. एवढे मात्र तर्काने सांगता येते की अशा जागी सर्वांत धोक्याचा काळ भर हिवाळ्याचा नसावा. सरोवर पूर्ण गोठले की नौका पाण्याबाहेरच असते आणि इंजिन हंगामभरासाठी एकदाच नीट बांधून ठेवता येते. धोका असतो तो सरोवर गोठण्यापूर्वीच्या आणि बर्फ फुटल्यानंतरच्या आठवड्यांत. दिवसा पाणी मोकळे असते, नौका निघते. रात्री पारा शून्याच्या बराच खाली उतरतो. उद्या पुन्हा निघावयाचे असते.

आता गोठण म्हणजे काय ते पाहू. शालेय पुस्तकांतील 'पाण्याचे असंगत आचरण' हे प्रकरण वाचकांस आठवत असेल. बहुतेक द्रव थंड होताना आकुंचन पावतात. पाणीही चार अंश सेल्सियसपर्यंत तसेच वागते. तेथून खाली ते प्रसरण पावू लागते, आणि घन होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. ही वाढ अडविणे जवळजवळ अशक्य असते. उणे २२ अंशांस पाणी गोठू न देता दाबून ठेवावयाचे तर सुमारे दोन हजार वातावरणांइतका दाब लागतो. ओतीव लोखंड दाब पुष्कळ सोसते, ताण फारसा सोसत नाही. पोलादासारखे ते वाकत नाही, तडकते. इंजिनाचा ब्लॉक बहुधा ओतीवच असतो.

येथेच एक भ्रम दूर केला पाहिजे. इंजिनाला ओलाव्याचे भय नाही. भिंतीला चिकटून राहिलेले पाणी गोठले तरी त्याला पसरावयास मोकळी जागा असते. भय आहे ते कोंडलेल्या पाण्याचे. एखादी पोकळी काठोकाठ भरलेली आहे आणि तिचे तोंड बंद आहे, अशा ठिकाणी नऊ टक्के जागा कोठून आणणार? पोकळी अर्धी रिकामी असली तरी पूर्ण निर्धास्त होता येत नाही. अरुंद तोंडाशी पाणी आधी गोठून तेच बूच बनते आणि आतले पाणी मागाहून गोठते. बारीक नळ्या, पितळी तोट्या, पंपाचे घर, उष्णता-विनिमयाची नळकांडी ही अंगे म्हणूनच प्रथम फुटतात. जाड ब्लॉकला वेळ लागतो, कारण शून्य अंशावरील प्रत्येक ग्रॅम पाण्याने बर्फ होण्यासाठी सुमारे ऐंशी कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर टाकावा लागतो आणि लोखंडाचा ढीग सहजी निवत नाही. एखाद्या सौम्य रात्री इंजिन वाचते ते या कारणाने. मालकाचा समज मात्र असा होतो की आपले इंजिन 'थंडीला दाद देत नाही'.

नौकेच्या इंजिनात पाणी असते कशाला, हे समजावून देण्यासाठी मराठवाड्याच्या वाचकाला दूर जावे लागणार नाही. विहिरीवरच्या विजेच्या मोटारींनी घराघरांतून डिझेल इंजिन हद्दपार केले त्याला बरीच वर्षे झाली, तरी हँडल मारून सुरू होणारे आणि 'टुक्-टुक्' करीत चालणारे इंजिन अनेकांनी पाहिले असेल. त्या इंजिनावर पंप बसविलेला असे. पंपाने उपसलेल्या पाण्यातलेच थोडे पाणी एका बारीक नळीने इंजिनाच्या अंगातून फिरवीत. ते कोमट होऊन बाहेर पडे आणि त्यावर बायामाणसे कपडे धुवीत, पोरे अंघोळी करीत. पाणी फिरले, इंजिनाची उष्णता घेऊन गेले, संपले. नौकेच्या साध्या इंजिनाची शीतनव्यवस्था तंतोतंत हीच आहे. विहिरीऐवजी सरोवर, आणि बाहेर पडणारे पाणी धुराबरोबर पुन्हा सरोवरात. या प्रकाराला आपण 'उघडी' व्यवस्था म्हणू. विहिरीवरच्या माणसाला पाणी आत राहण्याची फिकीर नव्हती. झालाच तर आत गंज चढे, क्षारांचा थर बसे. थंड प्रदेशात त्याच राहिलेल्या पाण्याने एका रात्रीत ब्लॉक फुटतो.

दुसरी व्यवस्था 'बंद'. तीत मोटारीप्रमाणे ठराविक द्रव इंजिनात पुनःपुन्हा फिरतो आणि सरोवराचे पाणी एका वेगळ्या नळकांड्यात येऊन त्या द्रवाची उष्णता घेऊन जाते. बंद व्यवस्थेचा ब्लॉक सुरक्षित असतो, अर्थात आतला द्रव योग्य असेल तर. परंतु अनेकांना येथे फसवी निश्चिंती वाटते. सरोवराचे पाणी ज्या वाटेने येते-जाते ती अर्धी व्यवस्था उघडीच असते : तळाची जाळी, पंप, नळकांडे आणि धुराच्या वाटेवरील पाण्याचा डबा. ब्लॉक वाचतो आणि नळकांडे फुटते.

तिसरा प्रकार नौकेच्या पाठीमागे टांगलेल्या इंजिनाचा. त्याची रचना अशी असते की ते पाण्याबाहेर घेऊन उभे धरले असता आतले पाणी आपोआप निथळून जाते. येथे मी 'निथळणे' हे क्रियापद मुद्दाम वापरतो. इंजिन रिकामे करण्याच्या सूचनांत मराठी भाषांतरकार सर्रास 'पाणी काढून टाका' असे लिहितो. मराठीत पाणी काढणे याचे निदान तीन प्रकार आहेत. तोटी किंवा बूच उघडून उतारावरचे पाणी वाहू देणे म्हणजे 'सोडणे', जसे बाऱ्यावर पाणी सोडतात. खोलगट जागेतून बळाने वर आणणे म्हणजे 'उपसणे'. आणि वस्तू योग्य स्थितीत धरून, घाई न करता, थेंब थेंब जाऊ देणे म्हणजे 'निथळू देणे'. टांगत्या इंजिनाला निथळू द्यावयाचे असते. ते वर उचलून तिरपे ठेवण्याची सवय पुष्कळांना असते आणि तिरपेपणामुळे पाणी आतच अडते. शिवाय पाऊस किंवा बर्फ पंख्याच्या मधल्या पोकळीत साचतो तो निराळाच. उभे करावे, निथळू द्यावे, मग इंजिन सुरू न करता क्षणभर फिरवून पंपातला शेवटचा घोट बाहेर घालवावा आणि उभेच ठेवावे. अधिक वेळ फिरवू नये, कारण पंपातील रबरी फिरकी पाण्यावाचून कोरडी घासली तर काही क्षणांतच खराब होते.

आत बसविलेल्या उघड्या इंजिनाचे पाणी सोडावयाचे असते. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंस, धुराच्या नळाच्या तळाशी, पंपाशी अशी ठिकठिकाणी बुचे असतात. ती नेमकी किती आणि कोठे, हे त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच पाहावे लागते. दोन इंजिने सारखी असतीलच असे नाही. येथील सर्वांत महत्त्वाची सूचना एका ओळीची आहे : बूच काढले आणि पाणी आले नाही, याचा अर्थ आत पाणी नाही असा होत नाही. गंजाची खपली, वाळू, क्षार यांनी भोक आतून बुजलेले असते. तेथे तार घालून ते मोकळे करावे लागते. तार आत जाताच पेलाभर तांबडे पाणी भळभळून बाहेर आले, तर ब्लॉक वाचला असे समजावे. ज्या नळ्या मध्येच खाली झोकलेल्या असतात त्यांतले पाणी कोणतेही बूच उघडून जात नाही. त्यांचे एक टोक सोडवून ते खाली धरावे लागते. धुराच्या वाटेवरील डब्यातले पाणी, त्याला तळाशी बूच नसेल, तर उपसावे लागते. एका इंजिनाशी तिन्ही क्रियापदांचा संबंध येतो, आणि 'काढून टाका' एवढे वाचून जो कामाला लागला तो बहुधा पहिल्यावरच थांबतो.

रिकामे केल्यावर आणखी एक पायरी अनेकजण घेतात : गोठणरोधक द्रव भरणे. या द्रवाच्या नावाची कथा भाषेच्या अभ्यासकाला मनोरंजक वाटेल. औशाच्या कोणत्याही गॅरेजमध्ये तो मिळतो, पण तेथे त्याचे नाव 'कूलंट', म्हणजे थंड ठेवणारा. आमच्याकडे गाडी तापू नये म्हणून तो घेतात. तोच डबा लडाखात गाडी गोठू नये म्हणून घेतात. आत पदार्थ बहुधा एकच, एथिलीन ग्लायकॉल. त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो आणि गोठणबिंदू खाली येतो. आमच्या मेकॅनिकच्या शब्दात या दोन गुणांपैकी एकच मावला. त्याला उष्ण प्रदेशात दुसऱ्याची गरज कधी पडलीच नाही. म्हणून 'कूलंट भरा' असे मराठी सूचनापत्रात लिहिले तर लातूरहून लडाखात गेलेल्या माणसाला थंडीत थंडावा देणारे काय भरावयाचे, हा प्रश्न पडला तर तो मूर्ख ठरत नाही. 'गोठणरोधक' हा शब्द उच्चारास जड आहे हे मान्य करूनही मी येथे तोच पत्करतो.

प्रमाणाविषयी एक विचित्र गोष्ट सांगावयास हवी. निव्वळ एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारास गोठते. निव्वळ पाणी शून्यावर. दोहोंचे निमेनिम मिश्रण मात्र उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहते. तेव्हा 'जितके जास्त तितके बरे' ही आपली घरगुती समजूत येथे खोटी ठरते. साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे भर घालीत गेल्यास गुण येण्याऐवजी जातो. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. मुलाबाळांच्या व जनावरांच्या वाटेत त्याचे भांडे उघडे ठेवणे हा गुन्हाच समजावा. सरोवराच्या पाण्याची जी उघडी वाट, तीत भरलेला द्रव पुढच्या फेरीला सरोवरातच जाणार. तेथे हे विष चालत नाही, त्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात.

आता परिभाषेच्या दृष्टीने सर्वांत कळीचा मुद्दा. उघड्या वाटेसाठी विकल्या जाणाऱ्या काही तयार द्रवांच्या डब्यावर उणे ४५ अंशांसारखा आकडा छापलेला असतो. वाचणारा समजतो की तोवर हा द्रव गोठणार नाही. वास्तविक तो आकडा नळी फुटण्याच्या मर्यादेचा असतो. उणे दहा-बारा अंशांच्या आसपासच असा द्रव रबडीसारखा होऊ लागतो. त्यात बर्फाचे कण तयार होतात, पण मधे द्रव शिल्लक असल्याने तो कडक होऊन भिंतीला रेटत नाही, म्हणून काही फुटत नाही. हंगामभरासाठी नौका बांधून ठेवणाऱ्याला एवढे पुरे आहे. परंतु उद्या सकाळी निघावयाचे आहे त्याला ते पुरेसे नाही : ब्लॉक शाबूत आहे, पण पंपात रबडी आहे, आणि तशात चावी फिरवली तर रबरी फिरकीची पाती तुटतात. इंग्रजीत या दोन मर्यादांना दोन नावे आहेत. मराठीत 'गोठणबिंदू' रूढ आहे; दुसऱ्यासाठी 'तडकबिंदू' असा शब्द मी सुचवितो. 'स्फोटबिंदू' म्हणू नये, दारूगोळ्याचा भास होतो.

द्रव भरताना आतले पाणी आधी सोडून दिले पाहिजे हे सांगावयास नकोच. नाही तर दोन्ही मिसळून मिश्रण पातळ होते. याहून कमी परिचित अडचण थर्मोस्टॅटची. इंजिन थंड असताना हा झडपेसारखा भाग मिटलेला असतो आणि ब्लॉककडे जाणारा प्रवाह अडवून बाजूच्या वाटेने वळवितो. त्यामुळे बादलीत गोठणरोधक घेऊन इंजिनाला ते पाजले आणि धुराच्या वाटेने रंगीत द्रव बाहेर आलेला पाहिला, तरी ब्लॉकमध्ये सरोवराचेच पाणी असू शकते. आधी इंजिन तापवून झडप उघडू द्यावी, किंवा, माझ्या मते अधिक खात्रीचे, ब्लॉक रिकामा करून वरच्या नळीतून द्रव ओतावा.

दर फेरीनंतर एवढे सोपस्कार करणे जिवावर येते, म्हणून लोक इतर मार्ग शोधतात. एक मार्ग नौका पाण्यातच राहू देण्याचा. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. पण सरोवराच्या वरच्या थरावर बर्फ धरला तरी त्याखालचे पाणी शून्याहून थोडे वरच असते आणि नौकेच्या तळाला त्याची ऊब मिळते. उलट गाड्यावर चढवून काठावर ठेवलेल्या नौकेला चहूबाजूंनी वारा लागतो. सौम्य थंडीत पाण्यातली नौका अधिक सुरक्षित असते ती यामुळे. कडाक्यात हा आधार पुरत नाही. दुसरा मार्ग इंजिनाच्या कप्प्यात विजेची शेगडी किंवा ब्लॉकला लावलेला तापक ठेवण्याचा. यात दोष असा की सारे विजेवर अवलंबून राहते आणि वीज नेमकी वादळाच्या रात्री जाते. औशाच्या वाचकाला हे पटवून देण्याची गरज नाही. पेट्रोलच्या इंजिनाजवळ, वाफ साचलेल्या बंद कप्प्यात, ठिणगी टाकू शकणारे कोणतेही साधे उपकरण ठेवणे तर प्राणावर बेतू शकते. ताप देणे ही जोड असावी. भिस्त रिकामे करण्यावरच ठेवावी, कारण जे पाणी आत नाही ते गोठत नाही, मग वीज असो वा नसो.

इतका वेळ 'गोठणे' झाले. 'थिजणे' निराळे. डिझेलमध्ये मेणासारखे घटक विरघळलेले असतात. थंडीत ते आधी धुरकट दिसू लागतात, मग त्यांचे कण गाळणीवर बसतात, आणि शेवटी सारे डिझेल तुपासारखे थिजते. त्याचे आकारमान वाढत नाही, टाकी फुटत नाही, काही तडकत नाही. इंजिन फक्त उपाशी राहते. ऊब दिली की डिझेल पुन्हा वाहू लागते आणि झाल्या प्रकाराची खूणही उरत नाही. लडाखसारख्या प्रदेशासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये हिवाळी डिझेल बाजारात आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. या मर्यादेला 'थिजणबिंदू' म्हणण्यास काय हरकत आहे? गुजरातीत थीजवुं आहे, मराठीत थिजणे आहे, आणि दोन्हीकडच्या गृहिणींना त्याचा अर्थ शिकवावा लागत नाही. हिंदीत दही, तूप आणि पाणी तिन्ही 'जमतात'. आमच्या सीमेपलीकडील कन्नडात 'हेप्पुगट्टु' रक्तालाही चालते आणि पाण्यालाही. आपल्याकडे असलेला भेद आपणच पुसावा, हे मला शहाणपणाचे वाटत नाही.

प्रत्यक्ष कामात हा भेद गाळणीपाशी कसाला लागतो. इंजिन सुरू होत नाही, गाळणी बंद पडली आहे. ती डिझेल थिजल्यामुळे बंद आहे की डिझेलमध्ये उतरलेले पाणी तळाशी गोठल्यामुळे? बाहेरून लक्षण एकच. गरम पाण्यात बुडवलेले फडके गुंडाळले की दोन्ही मोकळे होतात. उघडी ज्योत मात्र कधीही लावू नये. थिजणे असेल तर हिवाळी डिझेल भरून काम भागते. गोठणे असेल तर ते पाणी गाळणीच्या तळाच्या तोटीतून सोडून दिल्याशिवाय उद्या पुन्हा तोच प्रसंग, आणि गाळणीची वाटी तडकण्याचे भय वेगळेच. टाकी भरलेली ठेवली तर रिकाम्या जागेतील हवेतला दमटपणा निवून पाणी होण्याचा संभव कमी होतो.

वंगणाविषयी फार सांगण्यासारखे नाही. ते दाट होते, आणि थंड प्रदेशासाठीचे पातळ तेल वापरले की प्रश्न सुटतो. अपवाद टांगत्या इंजिनाच्या खालच्या दंतचक्रांच्या डब्याचा. तेथील रबरी कडी झिजलेली असेल तर तेलात पाणी शिरते, जड असल्याने तळाशी बसते आणि तेथे गोठून डबा फोडते. तळाचा स्क्रू सैल करून पहिले थेंब पाहावे : दुधाळ तेल किंवा स्वच्छ पाणी आले तर डबा रिकामा करून नवी कडी बसविल्याशिवाय त्या रात्री नौका सोडून जाऊ नये.

बॅटरीला 'गोठणे' हेच क्रियापद योग्य आहे, फक्त तिचा गोठणबिंदू तिच्या भरलेपणावर ठरतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे पन्नास अंशांच्याही खालपर्यंत द्रव राहते. उतरलेल्या बॅटरीत आम्लाचे प्रमाण घटून ते पाण्याजवळ येते आणि उणे सात-आठ अंशांच्या सुमारास गोठून पेटी फुगते. तेव्हा बॅटरी घरी नेऊन ठेवणे उत्तम, निदान भरलेली ठेवणे आवश्यक. गोठलेली बॅटरी तशीच भरावयास लावू नये.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी चावी फिरवण्याआधी काढलेली सगळी बुचे परत बसविली आहेत का ते मोजावे. काढलेली बुचे एका पिशवीत घालून ती पिशवी चावीलाच बांधून ठेवण्याची रीत चांगली आहे. पंपाची फिरकी शक्य असेल तर हाताने फिरवून ती मोकळी आहे ना ते पाहावे. पाणी आत घेण्याच्या तोंडावर बर्फ नाही ना ते पाहावे. इंजिन सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात धुराबरोबर, किंवा टांगत्या इंजिनाच्या बाजूच्या भोकातून, पाण्याची धार दिसली पाहिजे. विहिरीवरचा शेतकरीही इंजिन सुरू केले की प्रथम त्या कोमट धारेकडेच पाहत असे. धार नसेल तर 'हवा धरली' म्हणून लगेच इंजिन बंद करी. येथेही तेच करावे. मग तळातल्या कप्प्यात वाकून पाहावे : ब्लॉकवर बारीक ओली रेघ उमटली आहे काय, तेलाच्या कांडीवर तेल दुधाळ दिसते काय. तडा गेलेला ब्लॉक गोठलेला असताना गळत नाही, कारण फटीतला बर्फच तिला बुजवून असतो. तो वितळल्यावर ती बोलू लागते, आणि तोवर नौका काठापासून दूर गेलेली असते. म्हणून कडाक्याच्या रात्रीनंतरच्या पहिल्या फेरीत इंजिन काठाशीच पुरते तापू द्यावे, आणि ही रेघ पुन्हा एकदा पाहूनच दोर सोडावा.